सासूबाईंचे गुडघे आणि लिस्बनचे चढ

वाचकाचं पत्र: नमस्कार. आम्ही पाच जण ४ जूनला दुपारी दुबईमार्गे लिस्बनला पोचतोय आणि १३ जूनला दुपारी परत निघतोय. तिकिटं काढून झाली आहेत. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सासरे (७१) आणि सासूबाई (६७). सासूबाई माळकरी आहेत, अंडंही चालत नाही, आणि त्यांचे गुडघे दुखतात. सासरे रोज सकाळी वसईच्या किल्ल्यात फिरतात, मासे आवडीने खातात, आणि त्यांना वास्को द गामाची कबर बघायची आहे. नवऱ्याला गाडी भाड्याने घेऊन लिस्बन, सिंत्रा, पोर्तो, आल्गार्व्ह आणि जमलं तर स्पेनमधलं सेव्हिल करायचं आहे. मला फक्त भांडणं न होता परत यायचंय. काय करू? – एक वाचक, वसई

ताई, नमस्कार.

आधी वाईट बातमी उरकते. सेव्हिलवर आजच काट मारा. लिस्बनहून तिकडे थेट रेल्वे नाही, बसमध्ये सहा-सात तास जातात, आणि स्पेनचं घड्याळ एक तास पुढे असल्यामुळे जाताना तोही तास गळतो. आल्गार्व्हही सोडा. तिथले कडे आणि समुद्रातल्या गुहा देखण्या आहेत, नाही म्हणत नाही. पण वसईकरांना समुद्र दाखवायला रेल्वेने तीन तास न्यायचं, आणि जूनच्या सुरुवातीला अटलांटिकचं पाणी इतकं गार की मुलगा पोटऱ्या भिजवून ओरडत बाहेर येणार. समुद्राची हौस असेलच तर लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकलने कश्काइशला जा. चाळीस मिनिटं, बराच वेळ खिडकीबाहेर पाणीच पाणी, संध्याकाळी परत.

आता गाडी. यजमानांना माझा निरोप द्या की पोर्तुगालमध्ये गाडी चालवायला काही हरकत नाही, ती उभी करायला आहे. सिंत्राच्या जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव आहे. लिस्बनच्या अल्फामा भागातल्या गल्ल्या अशा की समोरून पिवळी ट्रॅम आली की माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात. शिवाय तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, ऑटोमॅटिक गाडी आधी सांगून आणि जास्त पैसे मोजून घ्यायची, आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा, आणि मुलाची उंची १३५ सेंटिमीटरच्या आत असेल तर बारा वर्षांखालच्यांना लागणारी वेगळी बैठकही मागायची. एवढं करून गाडी नऊपैकी सात दिवस पार्किंगमध्ये. पाच जणांना एका गाडीत कोंडून परक्या रस्त्यावर वाट चुकायचं, हे तर भांडणाचं घरपोच निमंत्रण आहे.

रेल्वेने जा. सासरे-सासूबाई दोघांचीही पासष्टी उलटलेली आहे, म्हणजे तिथल्या सरकारी रेल्वेत दोघांना अर्धं तिकीट. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धं. तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त मिळतात. पण ‘ग्रेव्ह’ नाही ना, हे आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या. ग्रेव्ह म्हणजे संप, आणि तिथे रेल्वेचे संप होत असतात. आधी जाहीर करून होतात, एवढा त्यांचा सज्जनपणा.

तर माझा आराखडा असा. ४ ते ७ जून चार रात्री लिस्बन. ८ तारखेला सोमवार आहे आणि सोमवारी लिस्बनची बरीच संग्रहालयं आणि स्मारकं बंद असतात, म्हणून तो दिवस प्रवासाला द्या आणि पोर्तोला जा. तिथे तीन रात्री. ११ ला परत लिस्बन, दोन रात्री, १३ ला विमान. पोर्तोची जलद गाडी जेमतेम तीन तास घेते. जाताना डाव्या खिडक्या धरा, पोर्तो जवळ आलं की समुद्र दिसतो. ही गाडी शहराच्या पूर्व टोकाच्या काम्पान्याँ स्टेशनला थांबते. तिथून लोकलने पुढे साँव बेंतो या मधल्या स्टेशनात उतरायचं. त्या स्टेशनच्या दालनात चारी भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेल्या लढाया आहेत, वीस हजारांच्या आसपास फरशा. सामान एका कोपऱ्यात ठेवून अर्धा तास तिथेच घालवा. सामानावर एक डोळा मात्र हवाच.

आता मुद्द्याचं, म्हणजे गुडघे. लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणतात. तिथे राहिल्यावर वाटतं की मोजणाऱ्याने सातवर कंटाळून मोजणं सोडलं असावं. आणि चढापेक्षा वाईट म्हणजे फुटपाथ. चुनखडीचे मुठीएवढे पांढरे तुकडे, मधेच काळ्या दगडाची नक्षी, सगळं हाताने ठोकून बसवलेलं. त्याला ‘काल्सादा’ म्हणतात. फोटोत अप्रतिम दिसतं. पण चालून चालून ते असं तुळतुळीत झालंय की जरा शिंतोडे पडले की आपल्याकडच्या शेवाळलेल्या चिऱ्याची गत. मी पहिल्याच दिवशी, लख्ख उन्हात, उतारावर बसकण मारली होती. पाचही जणांना रबरी तळव्याचे, आधी महिनाभर वापरून मऊ झालेले बूट हवेत. नवे कोरे बूट विमानतळावर मिरवायला ठीक असतात. सासूबाईंसाठी घडीची काठी न्या, आणि तिच्या टोकाचं रबर झिजलेलं नाही ना ते बघा.

मुक्कामाची जागा याच हिशेबाने ठरवा. लिस्बनमध्ये बायशा हा सपाट भाग. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात जुनं शहर कोसळलं, मग तेव्हाचा मंत्री, पोंबालचा मार्क्विस, याने आखणी करवून सरळ रेषेतले रस्ते पाडले. त्याचा फायदा आज सासूबाईंच्या गुडघ्यांना. खोली घेताना एकच प्रश्न लेखी विचारा, ‘एलेव्हादोर’ आहे का? जुन्या इमारतींत चार मजले लाकडी, अरुंद जिने आणि लिफ्ट नाही, हे सर्रास आढळतं. अल्फामात खिडकीत फुलं टांगलेलं गोंडस घर बघून भुलू नका. तिथे जायचं ते दिवसा, फिरायला.

लिस्बनच्या टेकडीवरच्या किल्ल्यावर चढायचं असेल तर एक युक्ती सांगते. बायशातल्या रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावर एका इमारतीतून फुकट लिफ्ट वर जाते. बाहेर पडून समोरच्या बाजूला थोडं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी फुकट लिफ्ट. निम्म्याहून जास्त चढ पायाला न कळता संपतो. तेही नको असेल तर प्रासा दा फिगैराहून ७३७ नंबरची छोटी बस थेट किल्ल्याच्या दारात सोडते. दोरीवर चढणारा ग्लोरियाचा पिवळा डबा तुम्ही व्हिडिओत पाहिला असेल, तो यादीतून काढा. ३ सप्टेंबर २०२५ च्या भीषण अपघातात सोळा माणसं गेली आणि ती सेवा थांबवली गेली.

अल्फामातून जाणारी २८ नंबरची जुनी पिवळी ट्रॅम मुलगा मागणारच. सकाळी आठच्या आत, काम्पु द ओरीक या शेवटच्या थांब्यावरून बसा म्हणजे बसायला मिळेल. दुपारी मधल्या थांब्यावर चढलात तर विरारच्या गाडीची सवय असलेल्या तुम्हाला गर्दीचं काही वाटणार नाही, आणि तिथेच घात होतो. गर्दीत धक्का लागला की आपण पाकीट चाचपतो, हे पाकीटमाराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. माझं पाकीट याच ट्रॅममध्ये गेलं. नीटनेटक्या कपड्यांतलं एक जोडपं, हातात नकाशा, मला रस्ता विचारत होतं. मीही मोठ्या उत्साहाने सांगत होते! म्हणून मूळ पासपोर्ट खोलीत कुलपात, रंगीत झेरॉक्स पर्समध्ये, पर्स पुढे पोटावर. गेलंच काही तर पोलिसांकडून लेखी तक्रार घ्यायची, विम्याला आणि वकिलातीला ती लागते. तातडीचा नंबर ११२. बायशात संध्याकाळी कोणी यजमानांच्या जवळ येऊन ‘हशीश’ असं कुजबुजेल. घाबरायचं कारण नाही. न थांबता, न बोलता पुढे चालायचं.

जेवणावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमची खरी काळजी तीच असावी. पोर्तुगीज माणसाला ‘मी कार्न खात नाही’ सांगितलं की त्याच्या डोळ्यांपुढे गाय आणि डुक्कर येतं. कोंबडी, मासा, हॅमचे तुकडे या मनाईत येत नाहीत, असं तो प्रामाणिकपणे समजतो. म्हणून एकेक नाव घेऊन नाही म्हणायचं: सेंय कार्न, सेंय फ्रांगु, सेंय पैश, सेंय ओव्हु. मांस नको, कोंबडी नको, मासा नको, अंडं नको. हे कागदावर पोर्तुगीजमध्ये लिहून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा. आभार मानताना बाई ‘ओब्रिगादा’ म्हणते आणि पुरुष ‘ओब्रिगादु’, सासऱ्यांना सांगून ठेवा.

काही सापळे आहेत. प्रत्येक कॅफेच्या काचेत समोसा दिसेल, नाव ‘शामुसा’. गोव्याच्या आणि मोझांबिकच्या वाटेने गेलेला आपलाच समोसा. माझ्या मावशीला परदेशात समोसा बघून भरून आलं आणि तिने न विचारता घास घेतला. आत खिमा होता. मावशीने पुढचे दोन दिवस फक्त केळी खाल्ली. शामुसा बहुधा गोमांसाचा किंवा कोंबडीचा असतो. ‘द लेगुमश’, म्हणजे भाज्यांचा आहे का, हे विचारल्याशिवाय हात लावू नका. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप नावावरून निर्धोक वाटतं, पण त्यात सॉसेजची चकती तरंगते, आणि चकती काढली तरी रस्सा कशाचा हा प्रश्न उरतोच. आणि ती सुप्रसिद्ध पश्तेल द नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेली छोटी वाटी? पिवळ्या बलकांनीच ती बनते. तिथल्या पारंपरिक गोडांत अंड्याचा बलक इतका की सासूबाईंना मिठाईच्या दुकानाबाहेरच उभं राहावं लागेल. लिस्बनच्याच बेलें भागातल्या १८३७ पासूनच्या दुकानात तुम्ही चौघं खा, त्यांच्यासाठी चेरी घ्या. जून हा चेरीचा हंगाम आहे.

मग त्यांनी खायचं काय? भात, घेवड्याची उसळ, उकडलेले बटाटे, कोबी, टोमॅटोची कोशिंबीर, ऑलिव्ह, ताजा पाव, साधं दही. चीज आवडत असेल तर एक आनंदाची गोष्ट. बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण घालतात, पण आझैताँव आणि सेर्रा दा एश्त्रेला ही मेंढीच्या दुधाची चीज रानटी काटेरी फुलाच्या अर्काने लावतात. माळकऱ्यालाही चालावं. लिस्बनच्या लुमियार भागात राधाकृष्णाचं मंदिर आहे, तिथल्या हिंदू समाजाच्या कँटीनमध्ये शाकाहारी जेवण मिळतं. दीवहून आणि मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं हे ठिकाण. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. मार्तिं मोनिशजवळच्या रुआ दु बेंफोर्मोझो गल्लीत डाळ, तांदूळ, आटा, हिरवी मिरची सगळं मिळतं. त्यामुळे निदान लिस्बनमध्ये तरी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या.

घरून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चटणी, लोणचं न्या. तूप आणि पेढे मात्र नाहीत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि तूप त्यातच मोडतं. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, केळं-अननसासारखे थोडे अपवाद सोडून. म्हणजे जून असूनही हापूस नाही. त्याचं नावच मुळी पोर्तुगीज ‘आफोन्सो’वरून आलेलं, आणि त्यालाच माहेरी प्रवेश नाही!

सासऱ्यांची चंगळ आहे. बाकाल्याउ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. दुकानात फळ्यांसारखा रचलेला असतो आणि वास ओळखीचा, आपल्या सुक्या बाजारातला. हा मासा पोर्तुगालच्या पाण्यात मिळतच नाही, पार नॉर्वे-आइसलँडकडून येतो, तरी तोच त्यांचा जीव की प्राण. जूनमध्ये निखाऱ्यावर भाजलेली सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीची बहीण. ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट मागा, एका माणसाला पुरून उरते. आणि टेबलावर बसताक्षणी न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतील. ते फुकट नसतं. हात लावलात तर बिलात येतं. नको असेल तर लगेच परत पाठवा, कोणी वाईट वाटून घेत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

सासऱ्यांची कबर, म्हणजे वास्को द गामाची, बेलेंच्या जेरोनिमोश मठाच्या चर्चमध्ये आहे, आत शिरल्यावर डाव्या हाताला. समोरच्या बाजूला कवी कामोंइश. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या आणि इथे आणल्या त्या १८८० मध्ये. हा मठ बांधला मसाल्यांच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरच्या करातून. तेव्हा खांबांवरची दोरखंडांची नक्षी बघताना सासऱ्यांनी मनात थोडी वसुली केली तरी चालेल. चर्चला तिकीट नाही, आतल्या चौकाला आहे. दोन रांगा वेगळ्या असतात, कोणत्या रांगेत उभे आहोत ते विचारून घ्या. तिकिटाची रांग उन्हात तास खाते. बेलेंला जायला १५ नंबरची नवी ट्रॅम बरी, तिची पायरी खाली आहे.

सांता आपोलोनिया स्टेशनसमोर लष्करी संग्रहालय आहे. तिथे ‘तिरु द दिउ’ नावाची दीवहून नेलेली अजस्र तोफ ठेवली आहे. वसईच्या बुरुजांवर वाढलेल्या आजोबांना आणि नातवाला तिथे एकत्र सोडून तुम्ही दोघी शांतपणे कॉफी प्या. ‘गालाँव’ मागा, काचेच्या पेल्यात भरपूर दुधाची येते.

सिंत्राला रोस्सिउ स्टेशनवरून लोकल, चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ ही राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून वर अर्धा तास चढ आहे. हे न कळल्याने लोकांची वेळ हुकते. वर नेणारी छोटी बस आहे, तिचे पैसे वेगळे. मी तुमच्या जागी असते तर दोन गट केले असते. यजमान, मुलगा आणि सासरे पेनाला. तुम्ही आणि सासूबाई खाली गावातल्या जुन्या राजवाड्यात, ज्याच्या स्वयंपाकघरावर दोन प्रचंड शंकूसारखी धुराडी आहेत. गर्दी कमी, चढ कमी. सिंत्रात खाली ऊन आणि वर धुकं असतं, स्वेटर सगळ्यांना.

पोर्तोत मुक्काम नदीकाठच्या रिबैरात नको, वर साँव बेंतोच्या आसपास घ्या. नदीकाठावर उतरून जायचं आणि येताना टॅक्सीने वर. १८८६ च्या लोखंडी पुलाच्या वरच्या मजल्यावरून मेट्रोच्या बाजूने चालत पलीकडे गेलात की पोर्ट वाइनच्या वखारी. वाइन कोणी पीत नसलात तरी ते लाकडी पिंप मुलाला दाखवा आणि सांगा, त्याला इथे ‘पिपा’ म्हणतात. मग चावी, बादली, घमेलं, पगार, लिलाव, बटाटा असे पोर्तुगीजमधून मराठीत आलेले शब्द शोधायचा खेळ लावून द्या. प्रवासात अकरा वर्षांचं पोर शांत ठेवायला मोबाइलपेक्षा बरं.

पैशाचं थोडक्यात. एटीएम बँकेच्या भिंतीतलं, ‘मुल्तिबांकु’ लिहिलेलं वापरा. पर्यटकांच्या वाटेवर मांडलेली झगझगीत खासगी यंत्रं जबर पैसे कापतात. ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर नेहमी युरो. शहराचा पर्यटन कर हॉटेलात वेगळा भरावा लागतो, माणशी दर रात्री लिस्बनला ४ युरो आणि पोर्तोला ३. तेरा वर्षांखालच्यांना माफ. तुम्हा चौघांचे सहा आणि तीन रात्रींचे मिळून १३२ युरो बाजूला ठेवा, नाहीतर काउंटरवर वाद होतो.

व्हिसाबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही, म्हणून धाकधूक वाटतेय. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो आणि पंधरा दिवस ही अगदी शेवटची मर्यादा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड होतं, तेव्हा हे पत्र वाचून झालं की आजच बसा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्यांना ४५. निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. सासूबाईंच्या गुडघ्यांचा जुना आजार विम्याच्या अर्जात लपवू नका. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि रांगा लांबल्या आहेत. दुबईमार्गे जाताना ही रांग लिस्बनलाच लागणार. विमान कंपनीकडे सासूबाईंसाठी व्हीलचेअर आत्ताच मागून ठेवा. त्या ‘मला काय झालंय’ म्हणतील. तरी मागा.

राहिली शेवटची रात्र. १२ जूनला लिस्बनमध्ये संत आंतोनियोचा उत्सव असतो. अख्खं अल्फामा रस्त्यावर, कोपऱ्याकोपऱ्यावर तारल्या भाजल्या जातात, धूर, गाणी, आणि पहाटेपर्यंत झोप नाही. मुख्य हमरस्त्यावर मिरवणूक. १३ ला शहराला सुटी. त्या दोन रात्रींची हॉटेलं आजच धरा, आणि मेट्रोच्या लाल लाइनवर, विमानतळाच्या बाजूला धरा म्हणजे सकाळी टॅक्सीची वाट बघायला नको. सासऱ्यांना आणि मुलाला संध्याकाळी सात वाजता धुरात नेऊन नऊच्या आत परत आणा.

सासूबाई म्हणतील, मला त्या माशांच्या धुरात कशाला नेता. पण त्यांनाही न्या. त्या रात्री लिस्बनभर छोट्या कुंड्या विकतात, ‘मांजरिकु’ म्हणतात, गोल गच्च पानांचं रोप, वर कागदी फूल आणि चार ओळींचं गाणं खोचलेलं. आपल्या तुळशीच्याच कुळातलं. नाक लावून त्याचा वास घ्यायचा नसतो. पानांवरून तळहात फिरवायचा आणि तो हुंगायचा. एक कुंडी त्यांच्या हातात द्या. विमानात नेता येणार नाही, तेव्हा निघताना हॉटेलातल्या बाईला देऊन टाका.